एका इंचाला एक सूत

रेल्वे कॉलनी, ता. ६ ऑक्टोबर १९५७

उस्मान,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुला आधी नवल वाटेल आणि मग राग येईल. राग आला तरी पत्र फाडू नकोस, पुरतं वाच. अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, हे खरं आहे. पण कारखान्याच्या सुतारखात्यात अजून तुझं नाव निघतं, हेही खरं आहे.

कामाचं सांगतो. आमच्या मोठ्या साहेबांनी बंगल्याच्या बागेत लहान रेल्वे घातली आहे. दोन रुळांत वीतभर अंतर आणि इंजिन खऱ्या वाफेवर चालणारं. त्याच्या पाठीवर माणूस मांडी ठोकून बसतो आणि गाडी त्याला घेऊन बागेला फेरी मारते. आता त्यांना इंजिनामागे लाकडी मालडबा हवा आहे, लढाई संपली त्या सुमारास आपण बनवत होतो तो, सरकत्या दाराचा. नुसतं खोकं करून त्यावर रेघा मारलेल्या साहेबांना चालणार नाहीत. फळी फळी वेगळी, दार पट्टीवर टांगलेलं, बोल्ट जिथल्या तिथे. माप फुटाला दीड इंच.

इथे आता सगळं लोखंडाचं काम झालं आहे. नवीन माणसांच्या हातात रंधा दिला तर ते आधी त्याची धार कुठली ते शोधतात. सव्वीस जानेवारीला बंगल्यावर पाहुणे येणार आहेत, तोवर डबा उभा राहिला पाहिजे. साहेबांनी विचारलं, असं काम कोण करील? माझ्या तोंडून तुझंच नाव गेलं. येत्या मार्चात मी निवृत्त होतो. जाण्याआधी एक चांगलं काम हातून व्हावं, एवढंच मनात आहे.

तुझी माझी जी काय खटखट झाली, ती जुनी झाली. आता आपली दोघांची डोकी पांढरी झाली. अमीनाबीला माझा नमस्कार सांग.

गोपीचंद मिस्त्री

* * *

मंगरूळपीर, ता. १४ ऑक्टोबर १९५७

मिस्त्री साहेब,

पत्र फाडू नकोस म्हणालात, म्हणून फाडलं नाही. अमीनाबीनं चुलीत घालायला मागितलं, तेही दिलं नाही. उत्तर लिहिताना समोर असावं म्हणून ठेवलं आहे.

'खटखट' म्हणता तुम्ही तिला? एक माणूस उजव्या मनगटापासून थोटा झाला, दुसरा तीन दिवसांत कामावरून निघाला, आणि तिसरा मिस्त्रीचा मोठा मिस्त्री झाला. तिसऱ्याला ती खटखटच वाटणार.

तुम्हाला आठवत नसेल तर मी आठवण देतो. सेहेचाळीस साल. नव्या ड्रॉइंगचा पहिला डबा कारखान्याच्या धक्क्यावर भरायला लावला होता. रूपला हमालानं दार ओढलं. ते पट्टीच्या टोकापर्यंत धावलं आणि टोकावरून सुटून त्याच्या हातावर आलं. अडीच मणाचं दार. टोकाला लाकडाचा ठोकळा असता तर ते तिथेच अडलं असतं. तुम्ही चौकशीत लिहून दिलंत की, "ड्रॉइंगमध्ये ठोकळा आहे, कामगारानं तो बसवला नाही." मी घसा कोरडा करून सांगत होतो की ड्रॉइंगमध्ये ठोकळा नाही. दार टांगण्याआधी मी तुम्हाला विचारलं होतं, याच्या टोकाला काही लागेल का? तुम्ही म्हणालात, "डराइंगमधी हाय तेवढं कर." चौकशीत ते ड्रॉइंग टेबलावर आलंच नाही. कपाटाची चावी तुमच्या कनवटीला होती.

आणि तो रूपला कोण, हेही विसरला असाल. आमच्या मंगरूळच्या पलीकडच्या तांड्यातला तो. मीच त्याला हाताशी धरून तिकडे नेला होता आणि धक्क्यावर लावला होता. त्याची बायको भुरीबाई माझ्या भरवशावर त्याला सोडायला तयार झाली होती. आज तो डाव्या हातात काठी धरून दुसऱ्याची गुरं राखतो. बाजारात मी दिसलो की पलीकडच्या ओळीत जातो. दोन वर्षांमागे माझ्या जमीलानं त्याला भर उन्हात पाण्याचा गडवा दिला. त्यानं विचारलं, "कोनाची पोरगी व तू?" तिनं माझं नाव सांगितलं. गडवा त्यानं मातीत उपडा केला आणि निघून गेला.

तिथली नोकरी गेली त्याचं मला काही नाही. मंगरूळात बैलबंड्या, नांगर, चौकटी करून माझं बरं चाललं आहे. पण तो माणूस समजतो की माझ्या आळसानं त्याचा हात गेला. हे मी अकरा वर्षं सोसतो आहे. तो ठोकळा मी विसरलो नव्हतो, एवढं त्याला कळावं, दुसरं मला काही नको.

तुमच्या साहेबांची खेळणी दुसऱ्याकडून करून घ्या.

उस्मान

* * *

रेल्वे कॉलनी, ता. २२ ऑक्टोबर १९५७

उस्मान,

तुझं पत्र वाचून माझंही डोकं फिरलं. मी चांगुलपणानं लिहिलं आणि तू माझ्यावर चोरीचा आळ घेतलास. कपाट माझं नव्हतं, ते कारखान्याचं होतं. जे घडलं ते कागदावर आहे आणि कागदावर तीन माणसांच्या सह्या आहेत. कामाच्या गर्दीत माणूस विसरतो. त्या महिन्यात आपण किती डबे काढले, आठव. तू विसरलास, हे कबूल करायला तुझी मान मोडते, म्हणून मला खोटा पाडतोस. ठोकळा ड्रॉइंगमध्ये होता. माझ्या नातीच्या डोक्यावर हात ठेवून मी हे सांगायला तयार आहे.

तुझ्या नकाराचं मी साहेबांना सांगितलेलं नाही. त्यांनी नकलनवीसाकडून जुन्या ड्रॉइंगची नक्कल काढवून घेतली आहे, तीच या पत्रामागून रजिस्टरानं पाठवतो. चाकं आणि आस कारखान्यात तयार आहेत, तीही पार्सलनं येतील. करायचं तर कर. नसेल करायचं तर सगळं परत पाठव, आणि यापुढे तुझा माझा संबंध नाही.

गोपीचंद मिस्त्री

* * *

मंगरूळपीर, ता. १० नोव्हेंबर १९५७

मिस्त्री साहेब,

ड्रॉइंग मिळालं, चाकंही पोचली. डबा मी करतो. मागच्या पत्रात मी जास्त बोललो असेन तर ते सोडून द्या.

माप सोपं आहे. फुटाला दीड इंच, म्हणजे खऱ्या डब्याचा एक इंच ते आपलं एक सूत, इंचाचा आठवा हिस्सा. सहा इंची फळी सहा सुताची, दीड इंच जाडी ती दीड सुताची. गुण्यावर सूत मोजता येतं त्याला हिशेब करावाच लागत नाही. वीस फुटांचा डबा अडीच फुटांत येतो.

लाकडाचं मात्र मला दोन दिवस कोडं पडलं होतं. सांगाडा सागाचा केला तर चालेल, पण फळ्यांना साग चालणार नाही. लाकूड लहान झालं तरी त्याच्या रेषा लहान होत नाहीत, आणि दीड सुताच्या फळीवर सागाची रेष नांगराच्या तासासारखी दिसते. म्हणून फळ्यांना शिवण घेतली, बारीक रेषेचं लाकूड. एका जुन्या पाळण्याच्या कठड्याची मिळाली, वीस वर्षं वाळलेली. रंध्याखाली लोण्यासारखी चालते. बोल्टांना बैलांच्या नालाचे खिळे माथा कापून वापरीन, आणि पट्ट्यांना रॉकेलच्या डब्याचा पत्रा.

एक गोष्ट विचारून ठेवतो. सरकत्या दाराच्या वरच्या पट्टीच्या टोकाशी मला थोडी शंका आहे. तिथे मी माझ्या अकलेनं काही करू, की ड्रॉइंगमध्ये आहे तेवढंच करू? नीट लिहून कळवा, म्हणजे मागाहून घोळ नको.

उस्मान

* * *

रेल्वे कॉलनी, ता. १७ नोव्हेंबर १९५७

उस्मान,

करतोस हे वाचून बरं वाटलं. पण तुझी ती जुनी सवय गेली नाही. काम सुरू झालं नाही तोच शंका काढतोस. साहेब हातात पट्टी घेऊन बसणारा माणूस आहे. ड्रॉइंगवर डबा ठेवून तो सूत अन् सूत पडताळून बघेल. एक खिळा जास्त दिसला तरी मला उभं आडवं विचारील.

म्हणून स्पष्ट लिहितो. ड्रॉइंगमध्ये आहे तेवढंच करायचं. त्यात नाही ते काहीही लावायचं नाही, आणि आहे ते काहीही सोडायचं नाही. तुझी अक्कल बंड्या करताना चालव.

सव्वीस जानेवारीच्या आठ दिवस आधी डबा इथे हवा.

गोपीचंद मिस्त्री

* * *

मंगरूळपीर, ता. ८ जानेवारी १९५८

मिस्त्री साहेब,

डबा तयार झाला. काल गवताच्या पेंढीत बांधून, पेटीत घालून मूर्तिजापूरच्या गाडीला दिला. पावती सोबत आहे.

दोन महिने घरात दुसरं बोलणं नव्हतं. शेतकरी नांगराचं रुमणं बसवायला येत आणि डब्यापुढे उकिडवे बसून राहत. एकानं विचारलं की यात उंदीर प्रवास करणार का. एका बाजूला बावीस फळ्या आहेत. प्रत्येकीच्या कडेला पटाशीनं खाच घेऊन दुसरीत बसवली आहे, खऱ्या डब्यात बसवत होतो तशीच. आतली बाजूही तशीच केली आहे, कोणाला दिसणार नाही तरी. दाराला कोयंडा आहे आणि तो लागतो. छताला मेणकापड ताणून वर काळा रंग दिला आहे. रंगवताना जमीलानं तुमच्या कारखान्याचा नंबर घातला, तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

ड्रॉइंगमध्ये जे आहे ते सगळं डब्यात आहे. ड्रॉइंगमध्ये जे नाही ते डब्यात नाही. तुमच्या साहेबांना पट्टी लावून बघू द्या.

अमीनाबीचं काही वेगळं म्हणणं होतं. ते तिच्या माझ्यात राहू द्या.

उस्मान

* * *

रेल्वे कॉलनी, ता. २८ जानेवारी १९५८

उस्मान,

तुझ्या हाताला कीड लागो असं लिहायला बसलो होतो. बायकोनं थांबवलं, म्हणून तेवढं लिहीत नाही.

डबा आला तेव्हा साहेबांनी मला मिठी मारली होती. दोन दिवस पट्टी लावून पाहिला आणि म्हणाले की सुताचाही फरक नाही. परवा बंगल्यावर चाळीस माणसं होती. सगळ्यांसमोर गाडीनं फेरी मारली आणि डबा पाहुण्यांपुढे थांबला. साहेबांनी माझ्या नातीला, रुखमाला, म्हटलं की तू दार उघड. सहा वर्षांची पोर ती. तिनं हौसेनं ओढलं. दार सरकत गेलं आणि पट्टीवरून सुटून तिच्या बोटांवर आलं. दाराच्या वरच्या पितळी चाकांसकट, पत्र्याच्या पट्ट्यांसकट. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं आहे आणि दोन दिवस तिला ताप आहे. ती झोपेतून उठून हात लपवते.

साहेब सगळ्यांसमोर मला म्हणाले, "मिस्त्री, हाच का तुमचा नंबर एकचा सुतार?" चाळीस वर्षांच्या नोकरीत असं कोणी बोललं नव्हतं. महिन्यावर माझी निवृत्ती आली आहे आणि तू माझ्या तोंडाला काळं फासलंस.

पट्टीच्या टोकाला ठोकळा नाही. पुन्हा नाही. एकदा चुकलास तर मी म्हणालो, माणूस आहे, विसरला. त्याच जागी दुसऱ्यांदा? एवढ्याशा पोरीच्या हातावर? तू तो जाणूनबुजून लावला नाहीस. मला ठाऊक आहे.

गोपीचंद

* * *

मंगरूळपीर, ता. ५ फेब्रुवारी १९५८

मिस्त्री साहेब,

होय. जाणूनबुजून लावला नाही.

आता हे पत्र बाजूला ठेवा आणि कारखान्यात जा. नक्कल बघू नका, नक्कल काय, कोणी म्हणेल की उतरवणारा विसरला. कपाटातलं मूळ ड्रॉइंग काढा. दाराच्या वरच्या पट्टीवर बोट ठेवा आणि टोकापर्यंत न्या. ठोकळा सापडला तर मला तारेनं कळवा. मी तिकडे येतो आणि तुमच्या सगळ्या कॉलनीसमोर नाक घासतो.

नक्कल माझ्या हातात आली त्या दुपारीच मी हे बोट फिरवलं होतं. तीन वेळा फिरवलं. मग अमीनाबीला बोलावलं आणि तिचं बोट फिरवलं. तिला ड्रॉइंग कळत नाही, पण पट्टी संपते आणि पुढे कोरा कागद आहे एवढं तिलाही दिसलं. तेव्हाच ओरडलो असतो तर तुम्ही नकलनवीसावर ढकललं असतं. म्हणून मी तुम्हालाच विचारलं. नीट, अदबीनं, कागदावर. अकरा वर्षांपूर्वी तोंडी विचारलं होतं, ते हवेत गेलं. या वेळेस तुमचं उत्तर माझ्याजवळ शाईनं लिहिलेलं आहे. सतरा नोव्हेंबरचं पत्र. "त्यात नाही ते काहीही लावायचं नाही." खाली तुमची सही. तुमची जीभ तेव्हाही हेच बोलली होती, शब्द तेवढे जास्त झाले.

मग मी तुमच्या हुकुमाचा डबा केला. माझ्या ओट्यावर सहाव्या खेपेला दार निसटलं. मी ते परत टांगलं आणि पेटीत घातलं. माझ्या हातून आजवर एक बंडी, एक पाट, एक पोळपाटसुद्धा खोट ठेवून गेलेला नाही. हा पहिला.

नातीचं वाचून मला वाईट वाटलं. पण तुमचा संताप वाचून जास्त वाईट वाटलं. एक नख काळं झालं तर तुम्हाला हाताला कीड लागो असं लिहावंसं वाटतं. रूपलाचं तर मनगट गेलं. त्याच्या बायकोनं कोणाला काय लिहावं? तिला लिहिता येत नाही, म्हणून तुम्हाला अकरा वर्षं झोप लागली. चाळीस माणसांसमोर एक वाक्य ऐकावं लागलं ते तुम्हाला झोंबलं. मी आठवड्याच्या आठवड्याला अख्ख्या बाजारासमोर ऐकतो, आणि ते कोणी बोलतही नाही, नुसती वाट बदलतं.

तुमच्या नातीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेणार होतात. बरं झालं घेतली नाही.

उस्मान

* * *

रेल्वे कॉलनी, ता. २ मार्च १९५८

उस्मान,

तुझं पत्र आल्यावर आठ दिवस मी कारखान्याच्या त्या खोलीकडे गेलो नाही. मग गेलो आणि मूळ ड्रॉइंग काढलं.

ठोकळा नाही. पट्टीखाली 'तपासले' असा शिक्का आहे आणि शिक्क्यावर माझी सही आहे.

जे आहे ते लिहितो, मग तुला काय म्हणायचं ते म्हण. रूपलाचा हात गेला त्या संध्याकाळी मी हे ड्रॉइंग पाहिलं होतं. चूक माझी होती. तपासायचं काम माझं होतं, आणि कामाच्या घाईत न बघता मी सही ठोकली होती. नोकरी जाणार होती, ती माझी किंवा तुझी. मी कपाटाला कुलूप लावलं आणि तुझी घालवली. त्या वेळी मी खोटं बोलतो आहे हे मला ठाऊक होतं. पुढे वर्षं गेली तसं ते ठाऊक राहिलं नाही. ठोकळा होता, ठोकळा होता, असं इतक्या लोकांना सांगितलं की मला डोळ्यांसमोर तो कागदावर दिसायला लागला. म्हणून तर तुला नक्कल पाठवताना मी ती उलगडूनही पाहिली नाही. उलगडली असती तर पाठवली नसती, एवढा खोटा मी नक्की आहे.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, जुनी गोष्ट आहे, आता काय करणार? आणि दार कोणाकडून दुरुस्त करायचं ते विचारू लागले. मला तिथेच त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. मग ध्यानात आलं की मीही तुला पहिल्या पत्रात हेच लिहिलं होतं.

डबा मी त्यांच्याकडून मागून घेतला. तो, मूळ ड्रॉइंगची शिक्क्याची नक्कल आणि माझ्या सहीचा कबुलीचा कागद, सगळं एका पेटीत पाठवतो आहे. कागदावर दोन साक्षीदार आहेत. रूपलाला डबा दाखव, कागद वाचून दाखव. मी स्वतःच यायला हवं, पण गुडघे पार गेले आहेत.

रुखमाचं नख गळून खाली नवं येतं आहे.

गोपीचंद

* * *

मंगरूळपीर, ता. १९ मार्च १९५८

भाऊ,

पेटी पोचली. त्याच दिवशी उघडली नाही. दोन दिवस मी शहाण्या माणसासारखा वागलो, मग मला धीर निघेना. परवा सकाळी डबा सायकलीला बांधून तांड्यावर गेलो.

मनातून मी नवरदेवासारखा निघालो होतो, हे तुम्हाला सांगायला आता लाज वाटते. धुतलेला सदरा घातला होता. रूपलाला काय सांगायचं ते रस्ताभर घोकत होतो. तो काय म्हणेल तेही मीच ठरवून ठेवलं होतं.

भुरीबाई दारात होती. मला बघून ती आत वळली आणि रूपला बाहेर आला. मी कोणतीही प्रस्तावना केली नाही. डबा जमिनीवर ठेवला आणि तुमचा कागद मोठ्यानं वाचला, सहीपर्यंत. तांड्यातली पाचदहा माणसं जमली होती.

मग तो डब्यापुढे बसला. डाव्या हातानं फळ्यांवरून हात फिरवला. म्हणाला, "हे तू केलं?" मी हो म्हणालो. त्यानं कोयंडा काढून दार ओढलं. ते निसटलं आणि त्याच्या पायाशी पडलं. त्यानं ते उचलून माझ्या हातात दिलं, टांग म्हणून खूण केली. मी टांगलं. त्यानं परत ओढलं, परत पडलं. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळेस मला ते टांगवेना.

"म्हंजे कागदात ठोकळा नोता," तो म्हणाला.

"नोता, रूपला. मी तवाच सांगत होतो."

"अन् तो लागते हे तुले मालूम होतं?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "होतं ना. दार टांगायच्या आंधी मी मिस्त्रीले इचारलं होतं."

"मंग टांगलं काहून?"

मला प्रश्न कळला नाही. खरंच कळला नाही, भाऊ. मी म्हणालो, "मिस्त्रीनं सांगतलं म्हनून."

"मिस्त्री सांगून गेला. दार तू टांगलं. तुले मालूम होतं का ते पडते, अन् तू मले धक्क्यावर बलावून आनलं होतं. मले तरी सांगाचं, रूपला, या दारापासून दूर राहाय म्हनून."

तो पुढे बोलला, आवाज न चढवता. "अकरा साल मी समजत होतो का तू भुलला. भुलला तर भुलला, मानूस भुलतो. मले राग होता, पन कवा कवा माफबी कराव वाटे. आज तू इथं येऊन सांगून राह्यला का तुले याद होतं."

मग त्यानं विचारलं की हे खेळण्याचं दार कोणावर पडलं का. मी खोटं बोललो नाही. सहा वर्षांची पोर म्हणालो. भुरीबाई आतून बाहेर आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. रूपलानं विचारलं, "यावक्तीबी मिस्त्रीनंच सांगतलं?"

घरी आल्यावर अमीनाबीनं मला पाणी दिलं. पेटी बांधताना ती म्हणाली होती की ठोकळा नाही लावायचा तर नको लावू, पण दार कोणी लेकरानं ओढू नये एवढं तरी चिठ्ठीवर लिहून दे. मी तिच्यावर डाफरलो होतो. चिठ्ठी लिहिली असती तर माझा डाव उघडा पडला असता. रुखमाच्या बोटांवर ते दार तुम्ही नाही, मी पाडलं. तिला जवळ घेऊन सांगा की मंगरूळच्या म्हाताऱ्या सुतारानं माफी मागितली आहे.

तुमच्यावरचा माझा राग गेला असं समजू नका. तुम्ही मला लुबाडलंत आणि ते मी विसरणार नाही. पण अकरा वर्षं मी त्या रागाच्या सावलीत आरामात बसलो होतो, हेही आता मला दिसतं.

रूपलानं तुमचा कागद घेतला नाही. डबा ठेवून घेतला आहे, दार काढून. म्हणाला, त्या मिस्त्रीलेबी घेऊन ये, दोघं मिळून माह्यासमोर ठोकळा लावा. तेव्हा गुडघ्यांचं मला सांगू नका. गाडीत बसा आणि या, अकोल्याला मी उतरवून घेतो. पहिल्यांदा शंका आली तेव्हा मी सुतारखात्यात, लाकडाच्या तुकड्यांत घोट्यापर्यंत बुडून उभा होतो. त्यातला एक उचलून पट्टीच्या टोकाला ठोकायला मला कोणाच्या सहीची गरज नव्हती.

उस्मान